पत कमी असलेल्या भाडेकरूची फाइल : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

काम ठरलं. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जं कशी फेडली याची नोंद, खराब आहे आणि थेट घरमालकाकडून घर भाड्याने घ्यायचं आहे, अशा मराठी माणसांसाठी एक फाइल तयार करायची. माणूस कुठल्याही देशात राहत असो. फाइलमध्ये कोणते कागद असावेत, ते कोणत्या क्रमाने लावावेत, सोबतचं पत्र कसं लिहावं, मालकाशी काय बोलावं आणि काय कबूल करू नये, हे सगळं त्यात यायला हवं. कोरे नमुने आणि एक छोटी पुस्तिका करायची आणि दोन्ही मोफत द्यायची.

आम्ही तिघं आहोत. लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे, कायद्याची बाजू वकील मैत्रिणीकडे, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका रिपोर्ट वाचायला शिकवणार आहेत. नमुने खऱ्या अर्जांवर तपासायचे म्हणून दोघं जण तयार झाले. त्यातले एक ड्रायव्हर दादा. बायकोच्या आजारपणात त्यांची दोन कर्जं थकली. दुसऱ्या नर्स ताई. नवऱ्यासोबत जोडीने घेतलेलं कर्ज घटस्फोटानंतर त्याने फेडायचं थांबवलं आणि नोंद दोघांच्याही नावावर चढली. आज दोघांचीही कमाई नीट चालू आहे. दोघांनीही आजवर घरभाडं चुकवलेलं नाही. तरी घर मिळत नाही. मला हा अन्याय वाटतो आणि तो कागदांच्या बळावर बराच कमी करता येईल असंही वाटतं.

थेट मालकच का, तर मोठ्या कंपन्यांकडे स्कोरची, म्हणजे त्या रिपोर्टवरून काढलेल्या पतीच्या आकड्याची, रेघ आखलेली असते. त्याखालचा अर्ज माणसाच्या हातात पोहोचतच नाही. एकदोन घरं असलेला मालक स्वतः ठरवतो. त्याला फोन करता येतो, त्याच्यासमोर बसता येतं.

९ जानेवारी

काकांनी स्कोर म्हणजे काय ते समजावलं. फेअर आयझॅक ही कंपनी १९५६ मध्ये अमेरिकेत निघाली आणि आज ज्याला फिको स्कोर म्हणतात तो सर्वसाधारण स्कोर १९८९ मध्ये आला. तो ३०० ते ८५० या पट्टीवर मोजतात. त्यात ३५ टक्के वजन आधीच्या परतफेडीला, ३० टक्के डोक्यावर किती कर्ज आहे याला, १५ टक्के कर्जाचा इतिहास किती जुना आहे याला, आणि नव्या कर्जांना व कर्जाच्या प्रकारांना १०-१० टक्के असतं. भारतात सिबिलची पट्टी ३०० ते ९०० ची. जर्मनीत शुफा ही क्रेडिट संस्था, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणारी संस्था, १९२७ पासून आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक संस्थेची पट्टी वेगळी, त्यामुळे तिथे ‘माझा स्कोर इतका’ असं नुसतं सांगून भागत नाही, तो कोणत्या संस्थेचा हेही सांगावं लागतं.

मी विचारलं, यात घरभाडं कुठे येतं? काका म्हणाले, बहुतेक वेळा कुठेच येत नाही. २०१४ मध्ये आलेल्या फिको ९ या आवृत्तीपासून भाड्याची नोंद धरली जाते, पण ती नोंद कुणीतरी क्रेडिट संस्थेकडे कळवलेली असली तरच. एकच फ्लॅट असलेला मालक ती कशाला कळवत बसेल? म्हणजे दादांनी वर्षानुवर्षं वेळेवर भरलेलं भाडं त्या आकड्यात नाही आणि दवाखान्यासाठी काढलेलं कर्ज मात्र आहे. नवा मालक बघतो तो हाच आकडा.

पुस्तिकेचं पहिलं वाक्य आजच लिहून टाकलं : ‘तुम्ही कर्ज कसं फेडलंत ते स्कोर सांगतो. तुम्ही भाडं कसं भरलंत ते तुम्हालाच दाखवावं लागेल.’

१३ जानेवारी

दोघांचे रिपोर्ट मागवले. दादा कित्येक महिने रिपोर्ट मागवायला घाबरत होते, कारण बघितला की स्कोर घसरतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः मागवला तर स्कोरला काहीही होत नाही. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते, तिची नोंद स्कोरवर परिणाम करते. हे पुस्तिकेत ठळक अक्षरात हवं. मोफत कुठून मिळतो तेही लिहायचं : भारतात चारही क्रेडिट संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट, अमेरिकेत तिन्ही मोठ्या संस्थांकडून दर आठवड्याला, जर्मनीत डेटा संरक्षणाच्या नियमाखाली स्वतःच्या नोंदींची प्रत.

ताईंचा रिपोर्ट टेबलावर पसरून बसलो. त्या थकलेल्या कर्जाच्या पानावर महिन्यांच्या चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत हप्ता किती दिवस उशिरा आला तो आकडा. सुरुवातीला ओळीने शून्यं. मग ३०, मग ६०, ९०, आणि पुढे आकडे चढतच जातात. काकांनी ताईंना घटस्फोटाच्या निकालाची तारीख विचारली आणि पेन्सिलने त्या चौकटीवर खूण केली. खुणेच्या आधी सगळी शून्यं होती. पहिला ३० चा आकडा खुणेनंतर लगेच आलेला. ताई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘हे असं एका ओळीत दिसतं हे मला माहीतच नव्हतं.’

ही ओळच मालकाला दाखवायची आहे. नुसता स्कोर बघून वाटतं, ही बाई पैसे बुडवते. चौकटी बघितल्या की कळतं, एका ठरावीक तारखेला काहीतरी मोडलं आणि त्याआधी सगळं सुरळीत होतं. त्यामुळे ‘माझा स्कोर का कमी आहे’ हे पान प्रत्येक फाइलमध्ये असणार, तारखांसकट.

त्याच रिपोर्टमध्ये एक चूकही निघाली. ताईंनी पूर्ण फेडून बंद केलेलं एक कार्ड अजून चालू आणि थकीत दाखवलंय. बंद केल्याचं बँकेचं पत्र त्यांच्याकडे आहे.

१४ जानेवारी

कार्डाच्या चुकीबद्दल क्रेडिट संस्थेकडे लेखी हरकत पाठवली, सोबत बँकेचं पत्र. भारतात आणि अमेरिकेतही अशा हरकतीचा निकाल साधारण ३० दिवसांत लागायला हवा असा नियम आहे. काकांचा आग्रह : हरकत त्या बँकेकडेही पाठवायची, कारण चुकीची माहिती तिथूनच येते. दोन्हीकडे पाठवली.

दादांच्या रिपोर्टमधल्या प्रत्येक थकबाकीपुढे ती नोंद कधी निघून जाईल ती तारीख लिहिली. अमेरिकेत बहुतेक वाईट नोंदी ७ वर्षांनी जातात, काही दिवाळखोरीच्या १० वर्षांनी. ब्रिटनमध्ये ६ वर्षं. दादांची सगळ्यात जुनी नोंद लवकरच निघणार आहे. मालकाला हेही सांगता येतं.

२० जानेवारी

आज घरमालकांशी बोलणं झालं. एक निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना काकू म्हणतात. एक मध्यमवयीन गृहस्थ, त्यांची दोन घरं आहेत. आणि एक तरुण जोडपं, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यामुळे आपलं राहतं घर भाड्याने देणारं.

काकूंचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते : ‘मला तो स्कोर समजत नाही गं. मला एवढंच समजतं, की पाच तारखेला भाडं आलं नाही तर सात तारखेचा हप्ता मी कुठून भरायचा? पेन्शनमधून भरला तर औषधं राहतात.’

काकूंच्या घरावर कर्ज आहे आणि भाडं त्या हप्त्यासाठी आहे, हे त्यांनी सांगितल्यावर माझ्या डोक्यात फाइलची मांडणीच बदलली. आतापर्यंत आम्ही ओळखपत्रं, उत्पन्न, रिपोर्ट असे कप्पे करत होतो. मालक मात्र तसा विचार करत नाही. त्याला धास्ती असते ती भाडं वेळेवर येईल का याची, मुदत संपल्यावर हा माणूस घर सोडेल का याची, आणि घर धड राहील का याची. फाइलचे कप्पे या काळज्यांप्रमाणेच लावायचे. पहिल्या कप्प्यात ‘भाडं कधी आणि कसं येईल’. दुसऱ्यात ‘आधीचं घर मी कसं सोडलं’ : नोटीस दिल्याची तारीख, किल्ल्या परत केल्याची पोच, अनामत परत मिळाल्याची बँकेतली नोंद. ही शेवटची नोंद फार बोलकी असते, कारण मालकाने पूर्ण अनामत परत केली याचा अर्थ घरही नीट होतं आणि भाडंही बाकी नव्हतं. ती एवढी महत्त्वाची असूनही ती जोडायचं कुणाला सुचत नाही.

दोन घरं असलेल्या गृहस्थांनी एक अनुभव सांगितला. त्यांनी एका भाडेकरूला होकार दिला होता. नंतर थकबाकीचं दुसऱ्याच कुणाकडून कळलं आणि त्यांनी होकार मागे घेतला. ‘आधी सांगितलं असतं तर मी दिलं असतं घर,’ असं ते दोनदा म्हणाले. तरुण जोडप्याला सगळ्यात जास्त पटतं ते आधीच्या मालकाशी फोनवर झालेलं बोलणं. पत्र कुणीही लिहू शकतं, म्हणाले, पण फोनवर आम्ही आम्हाला हवं ते विचारतो.

२७ जानेवारी

पत्राचं काम. दादांनी स्वतः लिहिलेला पहिला खर्डा दोन पानी होता आणि जवळजवळ सगळा आजारपणाचा. काकूंना वाचायला दिला. त्यांचे डोळे भरून आले. चष्मा पुसून म्हणाल्या, ‘वाईट वाटलं हो दादा. पण माझं भाडं कसं येणार ते यात कुठे आहे?’

दादा घरी जाऊन पुन्हा लिहून आले. मी फक्त वाक्यं थोडी आखूड केली. आजाराचं नाव काढून टाकायला वकील मैत्रिणीने सांगितलं. बायकोच्या तब्येतीची माहिती अनोळखी माणसाच्या हाती द्यायची गरज नाही आणि त्यावरून नकार देण्याची संधीही द्यायची नाही. आता ते असं आहे :

‘नमस्कार. घर पाहायला येण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दोन थकलेली कर्जं दिसतील. दोन्ही घरातल्या मोठ्या आजारपणाच्या काळातली आहेत. एक पूर्ण फेडलं, त्याचं पत्र जोडलं आहे. दुसऱ्याचा हप्ता दर महिन्याला जातो, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत. त्या काळातही माझं घरभाडं थांबलं नाही. भाड्याच्या बँकेतल्या नोंदी जोडल्या आहेत आणि आधीचे मालक तुमच्याशी फोनवर बोलायला तयार आहेत. माझा पगार एक तारखेला जमा होतो. दोन तारखेला भाडं आपोआप तुमच्या खात्यात जाईल अशी सूचना मी बँकेला देईन आणि करारावर सही करताना ती तुम्हाला दाखवीन. भाडं आणि कर्जाचा हप्ता मिळून माझ्या पगाराच्या निम्म्यापेक्षा कमी होतात, हिशेब मागच्या पानावर आहे. काही विचारायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर फोन करावा.’

यात विनवणी नाही आणि लपवाछपवीही नाही. हे पत्र मला मनापासून आवडलं.

केव्हा सांगायचं यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. काकांचं म्हणणं, घर बघून झाल्यावर, ओळख झाल्यावर सांगावं. मला वाटतं पहिल्याच फोनवर एका वाक्यात सांगावं आणि पत्र लगेच पाठवावं. ज्याला चालणारच नाही तो तिथेच नाही म्हणतो, तपासणीचे पैसे वाचतात, रजा टाकून घर बघायला जाणं वाचतं, आणि ज्याला चालतं त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून या माणसाने सरळ सांगितलं असं राहतं. वकील मैत्रीण माझ्या बाजूने. पुस्तिकेत तसंच लिहिणार.

२ फेब्रुवारी

कागदपत्रं देताना घ्यायची काळजी, हा आजचा विषय.

भाड्याचा तक्ता : महिना, रक्कम, बँकेत दिसलेली तारीख. मूळ स्टेटमेंटवर फक्त त्या ओळी ठळक करायच्या आणि बाकीचे खर्च झाकायचे. मालकाला तुमचा किराणा आणि औषधं बघायची गरज नाही. पगाराच्या नोंदी मात्र दिसायला हव्यात. रोख भाडं दिलेल्यांकडे पावत्या नसतात, ही मोठी अडचण. त्यांनी मालकाकडून किती काळ राहिले, भाडं किती होतं, बाकी काही आहे का, एवढं लिहिलेलं सही-तारखेचं पत्र घ्यावं. आणि जे आजही रोख देतात त्यांनी याच महिन्यापासून बँकेतून द्यायला सुरुवात करावी. सहा महिन्यांत पुरावा उभा राहतो.

ओळखपत्राच्या प्रतीवर आडवं लिहायचं : ‘फक्त घरभाड्याच्या अर्जासाठी’, खाली तारीख. मूळ कागद कुणाच्या ताब्यात द्यायचे नाहीत. ओटीपी, बँकेचा पासवर्ड, कोऱ्या कागदावर सही, हे कुणी मागितलं तर बोलणं तिथेच थांबवायचं.

पूर्ण क्रेडिट रिपोर्ट द्यावा का? आमचं मत, नाही. त्यात खातेक्रमांक, जुने पत्ते, सगळंच असतं. जर्मनीत शुफा मालकाला देण्यासाठी वेगळं प्रमाणपत्र देते, त्यात तपशील नसतात. जिथे अशी सोय नाही तिथे आपलं ‘स्कोर का कमी आहे’ हे पान आणि थकबाकीच्या खात्याचं संबंधित पान पुरे. मालकाने मागितलं तर बाकीचा रिपोर्ट समोर बसून दाखवता येतो.

८ फेब्रुवारी

दादांनी बँकेत जाऊन आपोआप भाडं जाण्याच्या सूचनेचा अर्ज बघून घेतला. पावतीवर तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव येतं. काकूंना दाखवली. म्हणाल्या, ‘हे मला कळतं.’

११ फेब्रुवारी

अनामत रक्कम. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण पत कमी असलेला माणूस इथेच सगळ्यात जास्त लुबाडला जातो. मालक सहा महिन्यांचं भाडं आधी मागतो. माणूस घाबरलेला असतो, तो उसने काढून देतो, म्हणजे नवं कर्ज डोक्यावर घेऊन नव्या घरात शिरतो आणि पहिल्याच अडचणीला भाडं चुकतं. ज्याची भीती होती तेच त्या अनामतीमुळे घडतं.

वकील मैत्रिणीने वेगवेगळ्या देशांच्या मर्यादा लिहून दिल्या. जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं, तेही इतर खर्च वगळून, आणि भाडेकरू ती रक्कम तीन मासिक हप्त्यांत देऊ शकतो. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने बहुतेक घरांसाठी पाच आठवड्यांचं भाडं ही मर्यादा आहे आणि मालकाने ती रक्कम ३० दिवसांत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत नोंदवायची असते. न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून एक महिना. भारतात २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिने लिहिलं आहे, पण तो आपल्या राज्याने स्वीकारला आहे का हे आधी बघावं लागतं. कायदा इतका वेगळा असल्यामुळे पुस्तिकेत एकच आकडा द्यायचा नाही. ‘आधी आपल्या ठिकाणची मर्यादा शोधा, मग बोलणी करा’ असं लिहायचं.

मर्यादेच्या आत राहून मालकाला काय देता येईल, हे जास्त महत्त्वाचं. आमच्या बोलण्यात आलेल्या गोष्टी : पहिला करार लहान मुदतीचा करायचा आणि भाडं वेळेवर आलं तर वाढवायचा. जिथे कायद्याला चालतं तिथे थोडी जास्त अनामत, पण वर्षभर भाडं चुकलं नाही तर जास्तीची रक्कम परत करण्याची तारीख करारात लिहून. पगाराच्या दुसऱ्या दिवशी भाडं. आणि भाडंच आपल्या कमाईच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतलं निवडायचं. शेवटची गोष्ट लोकांना कटू वाटेल. पण मोठं घर घेऊन मालकाला पटवत बसण्यापेक्षा पेलेल असं घर घेतलं की अर्ध्या शंका आपोआप जातात.

घर आतून बघितलं नाही, करार वाचला नाही, समोरचा खरोखर मालक आहे हे तपासलं नाही, तोवर एक पैसाही द्यायचा नाही. दिला तर बँकेतून आणि पावती घेऊन.

१६ फेब्रुवारी

जामीनदार. ताईंचा भाऊ तयार आहे. वकील मैत्रिणीने त्याला बोलावून स्वतः समजावलं आणि मला ते फार योग्य वाटलं. जामीन म्हणजे नुसती ओळख देणं नव्हे. ताईंनी भाडं दिलं नाही तर ते त्याला द्यावं लागेल, नुकसानीचे पैसेही कदाचित. करार वाढवला तर जामीन आपोआप वाढतो का, कमाल रक्कम किती, घरात दुसरा भाडेकरू असेल तर त्याच्या वाट्याचीही जबाबदारी येते का, हे जामिनाच्या कागदावर लिहिलेलं असायला हवं. भावाने शांतपणे ऐकलं आणि मुदत व कमाल रक्कम लिहून घ्यायला सांगितलं. ताईंना आधी थोडं लागलं, मग म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं.

माझा सल्ला : जामीनदार हा शेवटचा पर्याय ठेवा. नातं एकदा या व्यवहारात अडकलं की दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते ताणलं जातं.

१७ फेब्रुवारी

कार्डाच्या हरकतीचा निकाल आला. चुकीची नोंद काढली. सुधारलेला रिपोर्ट ताईंच्या फाइलमध्ये लावला.

१९ फेब्रुवारी

ताईंना एक संदेश आला. सुंदर घर, कमी भाडं, ‘क्रेडिट तपासणी नाही’, मालक परदेशात, किल्ली कुरियरने, आधी टोकन पाठवा. ताईंनी फोटो इंटरनेटवर शोधून बघितले, तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या विक्रीच्या जाहिरातीत होते. ज्यांना सगळीकडून नकार मिळतो त्यांच्यासाठीच असे सापळे लावतात, कारण थकलेला माणूस प्रश्न विचारत नाही. याचा मला संताप येतो. पुस्तिकेत वेगळं पान.

त्याच पानावर स्कोर दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्यांबद्दलही. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही. चुकीची नोंद आपण स्वतः, विनाशुल्क, हरकत घेऊन काढू शकतो. अमेरिकेत तर १९९६ च्या कायद्याने अशा कंपन्यांना काम पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायला बंदी आहे.

२६ फेब्रुवारी

आज विषयाला एक नवी बाजू मिळाली आणि ती काकूंमुळे. हप्त्याचं त्यांनी सांगितलं तेव्हापासून मनात होतं : भाडेकरूची पत सगळे तपासतात, मग मालकाची पत कोण बघतं? मालकाने गृहकर्जाचे हप्ते थकवले आणि बँकेने घर ताब्यात घ्यायला सुरुवात केली, तर वेळेवर भाडं भरणारा माणूस काही चूक नसताना रस्त्यावर येऊ शकतो. त्याची अनामतही मालकाच्या अडचणीत अडकते. आणि अशा माणसाला पुन्हा घर शोधणं इतरांपेक्षा कितीतरी अवघड.

वकील मैत्रिणीने वाचून सांगितलं. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानुसार, जो मधे संपून २०१८ मध्ये कायमचा झाला, जप्तीनंतरच्या नव्या मालकाला खऱ्या भाडेकरूला निदान ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. इंग्लंडमध्ये २०१० च्या कायद्याखाली, बँकेच्या परवानगीविना भाड्याने दिलेल्या घरातल्या भाडेकरूलाही न्यायालयाकडून दोन महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते. भारतात २००२ च्या सरफेसी कायद्याने थकलेल्या कर्जापोटी बँक तारण घराचा ताबा घेऊ शकते, तेव्हा करार लेखी आणि नोंदवलेला असणं फार मोलाचं.

पुस्तिकेत नवा भाग : मालकाला विचारायचे प्रश्न. घर कुणाच्या नावावर आहे? त्यावर कर्ज आहे का? असेल तर भाड्याने द्यायला बँकेची परवानगी घेतली आहे का? मालमत्तेच्या सरकारी नोंदी जिथे सामान्य माणसाला बघता येतात तिथे नाव आणि बोजा, म्हणजे घरावर नोंदलेलं कर्ज, स्वतः बघून घ्यायचा. घरात राहायला गेल्यावर दारावर किंवा टपालात बँकेची नोटीस दिसली, तर तिचा फोटो काढून लगेच कायदेशीर सल्ला घ्यायचा, भाडं थांबवायचं नाही.

हे प्रश्न विचारले तर मालक रागावेल, असं दादांना वाटत होतं. मी काकूंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मला कुणी विचारलं नाही अजून. विचारलं तर सांगेन की. कर्ज आहे, हप्ता चालू आहे, त्यात लपवण्यासारखं काय?’ ज्याने स्वतःची कर्जं पहिल्याच पत्रात लिहून दिली, त्याला समोरच्याच्या कर्जाबद्दल विचारायचा पूर्ण हक्क आहे.

५ मार्च

ताईंना एका मालकाने नकार दिला, कारण सांगितलं नाही. अमेरिकेत १९७० च्या क्रेडिट रिपोर्ट कायद्याखाली, रिपोर्टमुळे नकार दिला, जास्त अनामत मागितली किंवा जामीनदार मागितला, तर तसं कळवणं आणि रिपोर्ट देणाऱ्या संस्थेचं नाव सांगणं बंधनकारक आहे. त्यानंतर ६० दिवसांत तो रिपोर्ट मोफत मागवता येतो. जिथे असा कायदा नाही तिथे नम्रपणे एका ओळीत विचारता येतं : ‘निर्णय रिपोर्टमुळे असेल तर कृपया कळवा, मला तो तपासायचा आहे.’ उत्तर येईलच असं नाही. ताईंनी पाठवलं, उत्तर आलं नाही. त्यांचा शोध चालू आहे. आजपासून त्या पत्र पहिल्या फोनसोबतच पाठवणार.

१२ मार्च

दादांना घर मिळालं. मालक त्यांच्या वयाचेच, पहिल्या फोनवर गप्प झाले होते, पत्र वाचून दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला आणि आधीच्या मालकांशी बोलले. करार बघायला वकील मैत्रीण आणि मी दोघी गेलो. पहिला करार सहा महिन्यांचा. भाडं दर महिन्याच्या दोन तारखेला, बँकेतून. मालकाने ‘भाडं एक दिवस उशिरा आल्यास तात्काळ घर खाली करावे’ असं कलम घातलं होतं. दादा सही करायला निघाले होते, मैत्रिणीने थांबवलं. बँकेच्या सुट्टीच्या दिवशीही ते कलम लागू झालं असतं. बोलून ते बदललं : उशीर झाल्यास लेखी सूचना, त्यानंतर सात दिवस. मालकाने लगेच मान्य केलं. त्यांना ते कलम कुठल्यातरी नमुन्यातून मिळालं होतं.

आत जाण्याआधी प्रत्येक खोलीचे, नळांचे, भिंतीवरच्या ओलीचे फोटो काढले आणि त्याच दिवशी मालकाला पाठवले. स्वयंपाकघरातली एक फरशी फुटलेली होती, ती करारासोबतच्या यादीत लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या.

१९ मार्च

पुस्तिकेचा मजकूर पूर्ण. छपाईआधी राहिलेली कामं : जामिनाच्या पानावर मुदत आणि कमाल रकमेसाठी रिकाम्या जागा ठळक करायच्या, देशांप्रमाणे अनामतीच्या मर्यादा वेगळ्या पानावर घ्यायच्या म्हणजे कायदा बदलला की तेवढंच पान बदलता येईल. इंग्लंडच्या पानावर २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्यातली आगाऊ भाड्याची एका महिन्याची मर्यादाही घालायची आहे. ‘मालकाला विचारायचे प्रश्न’ काकूंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिले आहेत, ते तसेच छापू का असं त्यांना विचारायचं आहे.

दादांकडून पहिल्या भाड्याच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आला, दोन एप्रिलची सूचना बँकेत लागली आहे. ताई शनिवारी एका नव्या मालकाला भेटणार आहेत. मालकाने पत्र वाचून ‘या, बोलू’ एवढंच लिहिलं आहे. मी सोबत जाणार आहे, फाइलची एक जास्तीची प्रत घेऊन.